वैमानिक खाली, विमान वर : लष्करी ड्रोनच्या जोडणीचा आढावा

प्रश्न नेमका कोणता

मे 2025 मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षाच्या चार दिवसांनी ड्रोन हा शब्द घरोघरी पोचवला. 8 मेच्या रात्री पाकिस्तानने 36 ठिकाणी मिळून सुमारे 300 ते 400 ड्रोन सोडल्याचं भारतीय सैन्यदलांनी अधिकृत पत्रकार परिषदेत सांगितलं. त्यांच्याशी लढायला पुढे आल्या त्या एल-70, झेडयू-23 आणि शिल्का या तोफा. तिन्ही गेल्या शतकातल्या. पण सुधारलेली दृष्टियंत्रणा आणि नव्या रडारची माहिती मिळाल्यावर त्यांचं वय आड आलं नाही.

त्या रात्रींची चर्चा बहुतेक ठिकाणी 'किती पाडले' या आकड्यावर थांबली. ज्यांचा हा रोजचा व्यवसाय आहे त्यांचा प्रश्न वेगळा होता, आणि तो अजून सुटलेला नाही. त्याच आकाशात आपली लढाऊ विमानं होती, टेहळणी ड्रोन होते, हवाई संरक्षणाची क्षेपणास्त्रं होती आणि घिरट्या घालत लक्ष्य शोधून त्यावर कोसळणारी शस्त्रंही होती. पडद्यावर उमटलेला ठिपका आपला की परका, हे ठरवायला कधी मिनिट मिळतं, कधी तेवढंही नाही. मानवरहित विमानं विकत घेणं हे एक काम. चालू हवाई कारवाईत ती बसवणं हे दुसरं. पहिल्याला पैसा लागतो. दुसऱ्याला तिन्ही दलांनी आपापसांत पुष्कळ काही ठरवावं लागतं, आणि घोडं तिथेच अडतं.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या वाचकाला हा विषय वाटतो तितका लांबचा नाही. उल्हासनगर वसलं तेच दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याणच्या लष्करी छावणीवर. 1949 मध्ये नवं नाव मिळालं, तरी पत्ता सांगताना कॅम्प नंबर एक ते पाच आजही चालतात. अंबरनाथला 1950 च्या दशकापासून ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे आणि डीआरडीओची नौदलासाठी काम करणारी साहित्य संशोधन प्रयोगशाळा, म्हणजे एनएमआरएल, आहे. यांतली एकही संस्था ड्रोनसाठी ओळखली जात नाही, आणि ओढूनताणून नातं जोडण्यात अर्थ नाही. पण सुटे भाग कुठून येणार, चाचणीला मोकळी जागा कुठे मिळणार आणि संरक्षण खात्याच्या जमिनींचं काय होणार, हे प्रश्न या पट्ट्याला चिकटलेले आहेत. त्यांच्याकडे पुढे येऊच.

इथवरचा प्रवास

मानवरहित विमान हवाई कारवाईचा खरा भाग झालं ते 1982 च्या जूनमध्ये, लेबनॉनच्या बेका खोऱ्यात. इस्रायलने आधी वैमानिक नसलेली छोटी विमानं पुढे धाडली. ती खरी विमानं समजून सीरियाच्या क्षेपणास्त्र तळांनी रडार चालू केली, रडार कुठे आहेत ते त्यामुळे कळलं, आणि मग मागून आलेल्या लढाऊ विमानांनी ते तळ उडवले. यात ड्रोनने एकट्याने काहीच जिंकलं नाही. ड्रोन, रडारवर लक्ष ठेवणारी विमानं, हल्ला करणारी विमानं आणि या सगळ्यांना दिलेली वेळ, यांची सांगड नीट बसली म्हणून यश आलं. 2020 मध्ये अझरबैजानने नागोर्नो-काराबाखमध्ये हीच युक्ती जुनाट अँ-2 विमानं वैमानिकाविना उडवून पुन्हा केली.

भारतात सुरुवात झाली ती हवेत नेमबाजीचा सराव करण्यासाठीच्या 'लक्ष्य' या चालकविरहित विमानापासून. गेल्या शतकाच्या अखेरीस इस्रायली 'सर्चर' आलं, पाठोपाठ 'हेरॉन'. कारगिलनंतर या खरेदीला वेग आला. नौदलाने 2006 मध्ये कोचीला आपलं पहिलं मानवरहित स्क्वाड्रन उभं केलं आणि 2011 मध्ये पोरबंदरला दुसरं.

देशी प्रयत्नांची गोष्ट इतकी सरळ नाही. 'निशांत' हे गुलेलीसारख्या यंत्रातून फेकलं जाणारं आणि पॅराशूटने उतरणारं विमान. त्याच्यासाठी देशी व्हँकेल इंजिन घडवण्यात अहिल्यानगरच्या व्हीआरडीईचा, म्हणजे लष्करी वाहनांवर संशोधन करणाऱ्या संस्थेचा, वाटा होता. लष्कराला मिळालेली चारही विमानं एकेक करत कोसळली आणि 2015 मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. त्यानंतरच्या 'तपस'कडून 30 हजार फूट उंची आणि सलग 24 तास उड्डाण अपेक्षित होतं. ते 28 हजार फूट आणि अठरा तासांच्या आसपास पोचलं, आणि 2024 मध्ये त्याचा अग्रक्रम काढून घेतला गेला. या अपयशांवर टीका पुष्कळ झाली. काही जाणकारांचं म्हणणं मात्र असं की तंतोतंत मापात बसलं नाही म्हणून विमान बाजूला ठेवण्यापेक्षा जे जमलं ते दलांच्या हातात देऊन वापरातून सुधारायला हवं होतं. इस्रायल आणि तुर्कस्तान असेच पुढे गेले. दलांचं उत्तरही पटण्यासारखं आहे. सीमेवर हिमालय आहे, तिथे दोन हजार फुटांची तूट ही कागदावरची तूट राहत नाही.

दरम्यान 27 जून 2021 च्या पहाटे जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर छोट्या ड्रोनमधून दोन स्फोटकं टाकली गेली. नुकसान मामुली होतं, पण ड्रोन म्हणजे फक्त टेहळणीचं महागडं साधन, ही समजूत त्या दिवशी मोडली.

आकाशाची वाटणी

वैमानिक असलेलं विमान समोरून काही आलं तर पाहतं आणि टाळतं. हवाई वाहतुकीचे सगळे नियम शेवटी त्या डोळ्यांवर भरवसा ठेवून लिहिलेले आहेत. ड्रोनचा चालक जमिनीवरच्या कक्षात बसलेला. त्याला कॅमेरा दाखवील तेवढंच दिसतं, आणि उपग्रहामार्गे जोडणी असेल तर तेही क्षणभर उशिरा. म्हणून बहुतेक देशांनी सोपा उपाय केला. ड्रोनसाठी आकाशाचा एक तुकडा राखून ठेवायचा, ठरलेल्या उंचीत आणि ठरलेल्या वेळेत, आणि तोवर बाकीच्यांना तिथे मज्जाव.

शांततेत हे चालतं. युद्धात नाही. कल्याण ते बदलापूर या मार्गावर लोकल, मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या त्याच रुळांवरून धावतात. एकाला पूर्ण मार्ग रिकामा करून द्यायचा म्हटलं की बाकीच्यांचं वेळापत्रक कोलमडतं; गर्दीच्या वेळी अंबरनाथच्या फलाटावर उभ्या राहिलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. रेल्वेला निदान सिग्नल एकाच खात्याचे. युद्धभूमीवरच्या आकाशात लष्कराच्या तोफा, हवाई दलाची विमानं, हेलिकॉप्टर आणि तिन्ही दलांचे ड्रोन एकाच वेळी असतात. तोफेचा विचार सहसा सुटतो. देवळालीच्या तोफखाना शाळेत शिकलेला कुठलाही अधिकारी सांगेल की लांब पल्ल्यावर डागलेला 155 मिलिमीटरचा गोळा वाटेत काही किलोमीटर उंच जातो. त्याच्या वाटेत आपलाच ड्रोन घिरट्या घालत असू शकतो.

ओळख पटवण्यात चूक झाली की काय होतं, याचं उदाहरण आपल्याकडे आहे आणि ते ड्रोनचं नाही. 27 फेब्रुवारी 2019 रोजी बडगामजवळ आपल्याच क्षेपणास्त्राने आपलं एमआय-17 हेलिकॉप्टर पाडलं. सहा हवाई सैनिक आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. मृतांत नाशिकचा एक तरुण अधिकारी होता. ही मोठी चूक होती, असं हवाई दलप्रमुखांनी त्याच वर्षी जाहीरपणे मान्य केलं. सावकाश उडणारी, रडारवर छोटी दिसणारी वस्तू परकी समजली जाण्याचा धोका हेलिकॉप्टरला असेल, तर ड्रोनला तो कितीतरी जास्त आहे. त्यात माणूस नाही म्हणून गोळी झाडणारा बोट आखडतं घेणार नाही, हेही धरून चाला.

दुसरा धोका संपर्क तुटण्याचा. डिसेंबर 2017 मध्ये सिक्कीम भागात एका भारतीय ड्रोनचा तांत्रिक बिघाडामुळे नियंत्रण कक्षाशी संपर्क तुटला आणि तो प्रत्यक्ष ताबारेषा ओलांडून पलीकडे कोसळला. डोकलामचा तणाव नुकताच निवळला होता. चीनने निषेध नोंदवला. संपर्क तुटला तर ठरलेल्या वाटेने परत ये, अशी सूचना अशा विमानांत आधीच भरून ठेवता येते. पण ती परतीची वाट त्या क्षणी कुणा दुसऱ्याच्या विमानाने व्यापलेली असेल तर काय, याला साधं उत्तर नाही.

यावर दोन विचार आहेत. एक म्हणतो, सगळ्यांचं चित्र एका पडद्यावर आणा. हवाई दलाची आयएसीसीएस ही नियंत्रण यंत्रणा आणि लष्कराची 'आकाशतीर' या दोन्ही त्यासाठीच आहेत, आणि मे 2025 मध्ये त्यांची जोडणी उपयोगी पडली असं दोन्ही दलांचं सांगणं आहे. दुसरा विचार म्हणतो, केंद्रावर इतका भार टाकू नका. अमुक उंचीखालचं आकाश पुढच्या तुकडीच्या हवाली करा, तिच्यावरचं हवाई दलाकडे ठेवा. पहिल्यात केंद्र ठप्प झालं की सगळंच ठप्प. दुसऱ्यात उंचीची रेषा कागदावर राहते आणि मोठ्या पल्ल्याचे ड्रोन ती रोज ओलांडतात. जॅमिंगची अडचण दोन्हीकडे आहे: शत्रूचा ड्रोन आंधळा करण्यासाठी सोडलेल्या लहरी आपल्या ड्रोनलाही आंधळं करतात. आपण जॅमर कधी चालू करणार हे आपल्याच ड्रोनचालकाला कुणी सांगायचं, हा प्रश्न दिसतो क्षुल्लक आणि प्रत्यक्षात डोकं खातो.

ताबा कोणाचा

हा वाद ड्रोनपेक्षा जुना आहे. लष्कराची स्वतःची हवाई शाखा, आर्मी एव्हिएशन कोअर, 1986 मध्ये तोफखान्यातून वेगळी निघाली. हल्ला करणारी हेलिकॉप्टर कोणाकडे असावीत यावर लष्कर आणि हवाई दल यांच्यात पुढे वर्षानुवर्षं ओढाताण चालली. शेवटी 22 अपाची हवाई दलाला मिळाली आणि लष्करासाठी वेगळी सहा मागवावी लागली. ड्रोनबाबत त्याच वादाची नवी आवृत्ती निघाली आहे.

हवाई दलाची भूमिका अशी: आकाशाचे तुकडे पाडून चालत नाही. जे उडतं ते कुठल्याही दलाचं असो, आकाशाचं नियंत्रण एकाच हाती हवं, कारण संख्येने थोडी आणि मोलाची साधनं जिथे गरज तिथे एकवटावी लागतात. लष्कराची भूमिका अशी: बटालियनच्या पाठपिशवीत बसणारा ड्रोन हे विमान नव्हेच, ती दुर्बीण किंवा हातबॉम्ब आहे. प्रत्येक दुर्बिणीसाठी वरून परवानगी मागत बसलो तर लढाई होऊन जाईल. दोन्ही भूमिका आपापल्या जागी खऱ्या आहेत. मला तर वाटतं, दोघं वेगवेगळ्या आकाराच्या वस्तूंविषयी बोलतात आणि शब्द मात्र एकच वापरतात.

घडामोडी दोन्ही दिशांनी चालू आहेत. पूर्वी तोफखान्याकडे असलेले हेरॉनसारखे ड्रोन लष्कराने 2021 मध्ये आपल्या हवाई शाखेकडे सोपवले. नाशिकरोडच्या आर्मी एव्हिएशन प्रशिक्षण केंद्रातून आता हेलिकॉप्टर वैमानिकांच्या बरोबरीने दूरनियंत्रित विमानांचे चालकही तयार होऊन बाहेर पडतात. म्हणजे मोठे ड्रोन वैमानिकी शिस्तीकडे सरकले. उलट 26 जुलै 2025 रोजी द्रास इथे लष्करप्रमुख जनरल उपेंद्र द्विवेदी यांनी पायदळाच्या बटालियनमध्ये ड्रोन पलटणी आणि तोफखान्यात घिरट्या घालणाऱ्या शस्त्रांच्या 'दिव्यास्त्र' बॅटऱ्या जाहीर केल्या. म्हणजे छोटे ड्रोन जवानाच्या हाताकडे सरकले. या दोन टोकांच्या मधला आकार, शंभर-दोनशे किलोमीटर पल्ल्याचा, कोणाचा, हे धूसर आहे. संयुक्त थिएटर कमांडची चर्चा काही वर्षं चालू आहे. त्या आल्या तर हा प्रश्न सुटेल असं त्यांचे समर्थक म्हणतात; हवाई दलातला एक गट म्हणतो, मोजकीच साधनं आणखी विभागली जातील.

थोडे महाग की पुष्कळ स्वस्त

15 ऑक्टोबर 2024 रोजी भारताने अमेरिकेकडून 31 एमक्यू-9बी ड्रोन घेण्याचा करार केला: 15 नौदलाला, आठ-आठ लष्कराला आणि हवाई दलाला. किंमत सुमारे 32 हजार कोटी. समर्थकांचा मुद्दा हिंदी महासागराचा आहे. तीस-पस्तीस तास सलग हवेत राहून शेकडो मैलांवरच्या जहाजांवर नजर ठेवणं छोट्या ड्रोनच्या आवाक्यातलं नाही. विरोधकांचा मुद्दा येमेनचा. 2025 च्या वसंतात हुती बंडखोरांनी सहा आठवड्यांच्या आत अमेरिकेची याच जातीची सात रीपर विमानं पाडली, एकेक सुमारे तीन कोटी डॉलरचं. शत्रूकडे हवाई संरक्षण असेल तिथे असं विमान टिकत नाही, हे त्यातून दिसलं. समुद्रावर आणि शांततेतल्या टेहळणीत ते उपयोगी, सीमेवरच्या पेटलेल्या आकाशात जोखमीचं, एवढ्यावर दोन्ही बाजू बहुधा सहमत होतील. मग संख्येचं दलांमधलं वाटप बरोबर झालं का, हा वाद उरतो.

दुसऱ्या टोकाला नागपूर आहे. सोलार उद्योगसमूहातल्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्हज या कंपनीने बनवलेलं 'नागास्त्र-1' जवळून पाहण्यासारखं आहे, कारण जोडणीची बरीच कोडी त्यात एकत्र आली आहेत. वजन सुमारे नऊ किलो. सगळा संच दोन पाठपिशव्यांत मावतो. पुढे एक किलोचं स्फोटक, हवेत राहण्याची वेळ अर्ध्या तासाच्या आसपास. जवान पडद्यावर पाहून चालवत असेल तर पल्ला सुमारे 15 किलोमीटर, स्वतःहून जाऊ दिलं तर साधारण दुप्पट. लक्ष्य सापडलं नाही, किंवा ऐन वेळी तिथे गावकरी दिसले, तर हल्ला रद्द करून ते पॅराशूटने परत उतरवता येतं. तोफेचा गोळा एकदा निघाला की निघाला. हे परत बोलावता येतं. म्हणजे हे शस्त्र की विमान? शस्त्र म्हटलं तर ते तोफखान्याच्या नियमांत बसतं, विमान म्हटलं तर त्याला आकाशात जागा राखून द्यावी लागते. 480 नगांच्या मागणीतला पहिला 120 नगांचा हप्ता लष्कराला जून 2024 मध्ये मिळाला. याच समूहाच्या नागपूरच्या आवारात 1250 मीटरच्या खास धावपट्टीचं उद्घाटन 30 मार्च 2025 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झालं.

स्वस्त ड्रोनच्या बाजूने युक्रेनचा दाखला नेहमी दिला जातो, आणि 1 जून 2025 चा रशियन विमानतळांवरचा हल्ला आता प्रत्येक व्याख्यानात येतो. मालमोटारींवरच्या लाकडी खोल्यांतून सोडलेल्या 117 छोट्या ड्रोननी बॉम्बफेकी विमानांचं मोठं नुकसान केलं. सावध लोक म्हणतात, युक्रेनमध्ये दोन्ही बाजूंची हवाई दलं एकमेकांच्या आकाशात जाऊ शकत नाहीत, म्हणून ड्रोनला एवढी जागा मिळाली. आपल्याकडे 7 मे 2025 च्या पहाटे पाकिस्तानवरच्या हल्ल्यात निर्णायक काम लांब पल्ल्याच्या अचूक शस्त्रांनी केलं. शिवाय हिमालयातल्या विरळ हवेत आणि थंडीत छोट्या ड्रोनची बॅटरी आणि पंखे लवकर दमतात. युक्रेनच्या सपाट मैदानातलं गणित लडाखला जसंच्या तसं लागू होणार नाही, हे मला पटतं. पण त्यावरून स्वस्त ड्रोन बिनकामाचे ठरवणं हाही उतावीळपणा झाला.

जोडीदार विमान

लढाऊ विमानाच्या आगेमागे मानवरहित जोडीदार उडवायचे, जोखमीचं काम त्यांना द्यायचं आणि वैमानिकाने थोडं मागे राहून सूत्रं हलवायची, ही कल्पना आता कागदावरून हवेत आली आहे. ऑस्ट्रेलियाचं 'घोस्ट बॅट' 2021 मध्ये उडालं. अमेरिकेच्या दोन स्पर्धक नमुन्यांनी 2025 मध्ये भरारी घेतली. भारतात एचएएलचा 'कॅट्स वॉरियर' आहे. जानेवारी 2025 मध्ये त्याच्या इंजिनाची जमिनीवरची चाचणी झाली. त्याची सूत्रं तेजसमधून हलवायची योजना आहे. नाशिकजवळच्या ओझरला तेजस मार्क-1एची जुळणी सुरू होऊन 17 ऑक्टोबर 2025 रोजी तिथलं पहिलं विमान उडालं, तेव्हा ही कथा पुढेमागे महाराष्ट्रातूनही जाईल.

उत्साही लोकांना यात हवाई दलाच्या लढाऊ स्क्वाड्रनच्या तुटीवरचा उतारा दिसतो. शंका घेणारे दोन गोष्टी विचारतात. एकट्या वैमानिकाने स्वतःचं विमान सांभाळून आणखी दोन-तीन विमानं कशी चालवायची? आणि शत्रूने दोघांमधला संपर्क तोडला तर जोडीदाराने स्वतःच्या अकलेवर किती जायचं? आजवर कुठल्याही देशाने बरोबरीच्या शत्रूशी लढताना हे प्रत्यक्ष करून दाखवलेलं नाही. त्यामुळे या भागातला आढावा इथेच थांबतो.

सुटे भाग, जमीन आणि आपला पट्टा

ड्रोन उघडून पाहिला तर सांगाडा, मोटर, बॅटरी, उड्डाण-नियंत्रक, कॅमेरा आणि रेडिओ एवढाच ऐवज निघतो. यातल्या बऱ्याच गोष्टींची जगाची बाजारपेठ चीनच्या हातात आहे. लष्करी ड्रोनमध्ये चिनी भाग चालणार नाहीत, असं सरकारने ठरवलं. फेब्रुवारी 2025 मध्ये 400 मालवाहू ड्रोनचे करार याच कारणाने रद्द झाले. दुसऱ्या बाजूने चीनने सप्टेंबर 2024 पासून ड्रोनच्या काही भागांवर आणि एप्रिल 2025 मध्ये मोटरच्या चुंबकांना लागणाऱ्या दुर्मिळ धातूंवर निर्यात-निर्बंध आणले. सुरक्षेचा आग्रह धरणारे म्हणतात, उड्डाण-नियंत्रकात कुणी चोरवाट ठेवली असेल तर ऐन युद्धात विमान आपलं राहणार नाही. उद्योजक म्हणतात, बंदी मान्य आहे, पण देशी मोटर आणि देशी चुंबक त्या भावात आणि त्या संख्येत मिळेपर्यंत मागणी वेळेत पुरी करायची कशी? दोघांच्या मधला मार्ग म्हणजे धोक्याच्या क्रमाने भाग ठरवणं: आधी नियंत्रक आणि रेडिओ देशी, मग मोटर, सांगाडा शेवटी. मला हा क्रम व्यवहार्य वाटतो, पण त्याची पडताळणी कोण आणि कशी करणार हे नीट बसलेलं नाही.

आपल्या पट्ट्याचा संबंध इथे येतो. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी 2007 मध्ये काढलेली आयडियाफोर्ज ही ड्रोन कंपनी शीळफाट्यापलीकडे महापेला आहे. '3 इडियट्स' चित्रपटातला ड्रोन त्यांचा, आणि जानेवारी 2021 मध्ये लष्कराने 'स्विच' ड्रोनची सुमारे दोन कोटी डॉलरची मागणी नोंदवली तीही त्यांच्याकडे. अंबरनाथच्या आनंदनगर आणि बदलापूरच्या एमआयडीसीत यंत्रभागांचे लहान कारखाने आहेत. उल्हासनगरच्या नकलांवर विनोद पुष्कळ होतात, पण वस्तू उघडून पाहून तशीच बनवणारा हात ही काही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. संरक्षण खात्याची मागणी घ्यायची तर मात्र त्या हाताला कागद लागतो: धातू कुठला, कुणी तपासला, प्रत्येक नग आधीच्यासारखाच आहे याचा दाखला कुठे. एक भाग उत्तम घडवणाऱ्याला हजार भागांची नोंदवही ठेवणं जड जातं. ऑर्डनन्स फॅक्टरीसारख्या जुन्या संस्थांकडे हीच शिस्त पिढ्यान्‌पिढ्या आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात कंपन्या झाल्या, तेव्हा अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी यंत्र इंडियाकडे गेली आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे. शेजारशेजारच्या दोन कारखान्यांचे मालक वेगळे झाले. या नव्या रचनेत त्यांनी बाहेरच्या लहान कारखान्यांना हाताशी धरावं की आपापल्या जुन्या मालावर लक्ष ठेवावं, यावर मतं दोन्ही बाजूंना आहेत.

चाचणीच्या जागेचं कोडं आणखी बिकट. 2021 च्या ड्रोन नियमांतून सैन्यदलांचे ड्रोन वगळलेले आहेत. पण दलांच्या ताब्यात जाण्याआधी कारखानदार जो नमुना उडवून पाहतो, त्याला हे नियम लागू पडतात. हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत मुभा आहे, संशोधनासाठी काही सवलतीही आहेत. पण एका बाजूला मुंबई विमानतळ, दुसरीकडे ऑक्टोबर 2025 मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबई विमानतळ, मध्ये दाट वस्ती आणि संरक्षण आस्थापना. लांब पल्ल्याची चाचणी इथे घेणार कुठे?

मोकळी जागा म्हटली की नेवाळीचं नाव निघतं. कल्याण-मलंग रस्त्यावर ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धात शेतजमिनी घेऊन धावपट्टी बांधली. आज त्या जमिनीवर नौदल हक्क सांगतं. युद्ध संपल्यावर जमिनी परत मिळायला हव्या होत्या, असं शेतकरी म्हणतात, आणि त्यांच्यातले अनेक जण पिढ्यान्‌पिढ्या त्या कसत आले आहेत. नौदलाने कुंपणभिंत घालायला घेतल्यावर 22 जून 2017 रोजी आंदोलन पेटलं, पोलिसांच्या गाड्या जळल्या, पेलेट बंदुकांनी आंदोलक जखमी झाले. नागरी विमानतळाची चर्चाही इथे अधूनमधून होते. ड्रोन चाचणीचा अधिकृत प्रस्ताव नाही. तो येवो न येवो, मालकीचा निकाल आधी लागायला हवा. हवाई तंत्रज्ञानाच्या चर्चेत जमिनीच्या सातबाऱ्याला सहसा जागा नसते. असायला हवी.

बटण कोणाच्या हाती

यंत्राने स्वतः लक्ष्य ठरवून मारावं का, हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत आला आहे. डिसेंबर 2023 मध्ये आमसभेत स्वयंचलित शस्त्रांवरच्या ठरावाच्या बाजूने 152 मतं पडली आणि विरोधात चार. त्या चारांत भारत होता. या विषयाची योग्य जागा जिनिव्हातला पारंपरिक शस्त्रांचा करार आहे, समांतर व्यासपीठ नको, अशी भारताची भूमिका आहे. टीकाकारांना यात वेळकाढूपणा दिसतो. समर्थक म्हणतात, शेजारी थांबणार नसतील तर आपण आधीच हात का बांधून घ्यावेत? व्यवहारात जॅमिंग वाढेल तसा हा प्रश्न आपोआप पुढे सरकतो आहे. संपर्कच नसेल तर माणसाचा होकार घेणार कसा? त्यावर युक्रेनमध्ये काचतंतूची बारीक तार मागे सोडत जाणारे ड्रोन आले, जे जॅम होत नाहीत. माणूस त्या तारेच्या टोकाला कायम आहे.

काय ठरायचं आहे

एमक्यू-9बी यायला अजून काही वर्षं आहेत. वॉरियर उडायचा आहे. थिएटर कमांडचा आराखडा अंतिम व्हायचा आहे. या सगळ्यांत माझं लक्ष एका बारीक गोष्टीकडे आहे, कारण बाकीचे वाद तिच्यापाशी येऊन मिळतात: पलटणीतल्या जवानाच्या हातचा दोन किलोचा ड्रोन हवाई संरक्षणाच्या पडद्यावर दिसावा का? दिसायचा असेल तर त्याने सतत आपली ओळख सांगत राहिलं पाहिजे. मग ती शत्रूलाही ऐकू जाते, आणि हजारो ठिपक्यांनी पडदा भरून जातो. दिसायचा नसेल तर एल-70 वरच्या तोफचीसाठी तो आणि शत्रूचा ड्रोन सारखेच. काही सैन्यांनी मधला उपाय म्हणून ठरावीक वेळी ठरावीक पट्ट्यात तोफांना थांबण्याचा हुकूम देण्याची पद्धत ठेवली आहे. तेवढ्या वेळात शत्रूचा ड्रोन आला तर तो सुटतो. आपल्या पलटणींना ड्रोन मिळू लागले आहेत. त्यांनी यांतला कुठला मार्ग धरायचा, याची तिन्ही दलांना सारखीच लागू होणारी जाहीर नियमावली अजून समोर आलेली नाही.